भिंगं गेली त्या सकाळी

पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, पण हेमलताबाईंना कॉम्प्युटरवरचं अक्षरही दिसत नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या तांबोळींनी रॅम काढून खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. तरी काळोखच.

"थांबा, माझे डोळे जोडून बघतो," ते म्हणाले. मॉनिटर केव्हाच भंगारात गेले होते. चित्र आता थेट डोळ्यांतल्या भिंगांवर उमटायचं. जोडताच तांबोळी हसले. "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय! मशीन ठणठणीत आहे, बाई. तुमची भिंगंच गेलीत."

"असं कसं? घर तर दिसतंय."

"ते तुमचे डोळे बघतायत. एरवी भिंगं घरदारही सजवून दाखवतात ना!"

"अगंबाई! तरीच हे मंडईत गेल्यापासून भिंती कळकट वाटतायत. मला वाटलं, आभाळ आलंय."

तेवढ्यात दार उघडलं. पिकल्या केसांचा, खांद्यातून वाकलेला एक म्हातारा पिशवी घेऊन आत आला.

"हे काय, कॉम्प्युटर बिघडला का गं?" त्यानं विचारलं.

आवाज मात्र ह्यांचाच होता. हेमलताबाई बघतच राहिल्या. भिंगं झोपतानाही कुणी काढत नसे. वर्षानुवर्षं त्यांनी हा चेहरा पाहिलाच नव्हता.

"नवी लगेच बसवतो," तांबोळी म्हणाले.

"आज राहू द्या."

त्यांचा हात नकळत स्वतःच्या केसांवर गेला, घुटमळला आणि खाली आला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचीही काढा जरा."