मागचं सील

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत जुन्या गाडीखाली ओव्हनमधला ट्रे ठेवायची रीतच आहे. म्युरिएलचा नवरा हयातभर इंजिनातल्या क्रँकशाफ्टचं मागचं, तेल अडवणारं सील बदलत राहिला आणि तेल गळतच राहिलं. आता तो नव्हता. इंजिन खोलून स्टँडवर चढवलेलं, आत तेलाचा टिपूस नाही. तरी खालच्या ट्रेमध्ये टप्प वाजायचं. पडलेलं तेल कोमट असायचं.

"नाद सोड," शेजारचा डेझमंड चहा पीत म्हणाला. "या गाड्या गळायच्या थांबल्या, तर समजायचं तेल संपलं."

"तो सीलच्या दोरीची टोकं खाचेच्या कडेला सपाट कापायचा, तिथंच चुकायचा," म्युरिएल म्हणाली. "कागदाच्या जाडीइतकी वर ठेवली की आवळल्यावर घट्ट बसतात. माझ्या हातचं सील गळणार नाही."

तिने दोरीचं सील तेलात भिजवून खाचेत ठोकलं, टोकं कागदभर वर राखली, बोल्ट आवळले. ट्रे गप्प झाला.

"आता यात रविवारचं मटण भाजणार," म्हणत तिने ट्रे घासला, पुसला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

टप्प.

दोघांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं. ट्रेमध्ये काळं तेल होतं, कोमट.

डेझमंड कप तसाच टाकून दाराकडे सरकला. म्युरिएल जागची हलली नाही.

"पुरे झालं," ती म्हणाली. "ते सील मी बसवलंय."

तिने ट्रे टेबलावर पालथा घातला आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरला.

तळहातांखाली, पत्र्याला आतून, खालून वर येऊन थेंब लागला.

टप्प.