लोकसहभाग शून्य

बेरीज अडुसष्टवर थांबली. विस्तार अधिकारी शेफाली बांदल यांनी ती पुन्हा वरून खाली केली. अडुसष्टच.

"अडुसष्ट," समोर सतरंजीवर बसलेली तिसरीतली रत्ना म्हणाली. "आन् खाली लिवलंय, अ श्रेणी, सत्तरपासनं म्होरं."

शेफाली मॅडमनी मान वर केली. मूल्यमापनाचा तक्ता त्यांच्याकडून सरळ होता, म्हणजे रत्नाकडून उलटा.

"तुला उलटं वाचता येतं?"

"समद्यांनाच येतं. गोष्टीचं पुस्तक येक, भवती बसणारी चौघं. ज्याला जी बाजू मिळंल ती."

वर्गशिक्षिका साधनाबाईंनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मॅडमनी तक्ता चाळून पाहिला. उलट्या वाचनाला रकाना नव्हता.

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाची ही वस्ती. शाळेत चौदा मुलं, चार इयत्ता आणि खोली एक. पाऊस लागला की दोन इयत्ता पडवीत अंग चोरून बसत. अ श्रेणी मिळालेल्या शाळांनाच यंदा दुसरी खोली बांधून मिळणार होती. दोन गुण कमी पडत होते.

"बाई, लोकसहभागापुढं शून्य का लिहिलंय? दहा गुणांचा रकाना आहे हा." मॅडमनी छताकडं बोट केलं. "हे पत्रे कुणी बदलले?"

"वस्तीनं."

"आणि बाहेरची स्वयंपाकाची शेड?"

"तीही वस्तीनंच."

"मग शून्य कसं?"

साधनाबाईंनी दाराकडं पाहिलं. उंबऱ्याशी कोंडिबा बसले होते. वस्तीतलं सर्वांत जुनं माणूस. आज तपासणी म्हणून धुतलेला सदरा घालून सकाळपासून तिथंच होते.

"आबा, तुम्हीच सांगा."

"ते इर्जिकीचं काम हाय, मॅडम," कोंडिबा म्हणाले. "इर्जिक म्हंजी घरटी येक माणूस. आज समद्यांनी माझ्या रानात, उद्या समद्यांनी तुमच्या. पत्रं बदलायला सतरा घरची सतरा माणसं आली. ते काय दान न्हवं."

"पण शाळेनं ते कुठं परत केलं?"

"केलं की. दोन पावसाळं बाई रविवारच्या लावणीला चिखलात हुत्या. नऊ घरांचं तसं फिटलं. ऱ्हायलेल्या आठ घरांची कागदं लिवून दिली. रेशनची, पेन्शनची, साळूबाईच्या ऑपरेशनची बी. आता शाळा कुणाचं काय लागत न्हाई. त्याला शून्यच म्हनायचं."

शेफाली मॅडमनी खुर्ची थोडी पुढं घेतली. त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"आबा, सतरा माणसं, दोन कामं. मी मजुरी धरून आकडा लिहिते. त्यात खोटं काही नाही, नियमात बसतं. पाच-सहा गुण सहज मिळतील. तुमची खोली होईल."

कोंडिबांनी पडवीकडं मान वळवली. पडवीतल्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पावसाळ्याची ओल अजून दिसत होती. ते तिकडंच पाहत राहिले.

"खोली पायजे," ते म्हणाले. "लई पायजे. पर फिटलेलं काम दान म्हनून लिवलं, तर शाळा आमची मिंधी व्हईल. ती आमच्या बरूबरीची हाय, मॅडम. तिला मागती करू नगा."

मॅडम साधनाबाईंकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी विसरून शून्य लिहिलं नव्हतं," साधनाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. पण त्या आता ताठ उभ्या होत्या.

शेफाली मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. अडुसष्टखाली सही केली, तारीख घातली आणि तक्ता पिशवीत ठेवला.

कोंडिबा काठी टेकत उठले. पडवीत त्यांचा पुतण्या धनाजी उभा होता.

"धनाजी, भात झोडून झालं की इर्जिक लावू. दगुड वड्यातलं हायेत. खोली आपुनच बांधू."

"बांधू की," धनाजी म्हणाला. "पर बाईंना पुन्ना दोन पावसाळं चिखलात काढावं लागत्याल. आन् त्यांची लावणी तर अशी वाकडी जाती, की कापताना इळा कुठं घालावा कळत न्हाई."

"तुझा अर्ज लिहिताना विचारीन हो मी," साधनाबाई म्हणाल्या, आणि मुलं हसली.

शेफाली मॅडम पायऱ्या उतरल्या. खाली गाडीचा चालक वाट पाहत होता. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मागं वळल्या.

"आबा, त्या इर्जिकीत माझ्या घरचंही एक माणूस धरा. मीच येईन."

कोंडिबांनी मान डोलावली. आभार वगैरे काही मानले नाहीत.

"घर कुठं म्हनायचं तुमचं?"

"भोरला."

"तितं काय काम निघंल, ते आत्ताच सांगून जावा," कोंडिबा म्हणाले. "आमी सतरा आन् बाई अठराव्या. समदी यायची म्हंजी एसटीचं बघाया लागंल."