स्वस्तातला डॅम्पर

"हे भंगार माझ्या गाडीला लावणार तुमी?" वीरेशनं ते नळकांडं पायानं ढकललं.

सोमलिंगनं ते उचलून फडक्यानं पुसलं. "मोपेडचा शॉकअप हाय, जावईबापू. स्प्रिंग काढली, तेल नवं भरलं. एक टोक फ्रेमला, एक हँडलला. मंग हँडल थरथरायचं न्हाई. कंपनीचा डॅम्पर लई महाग पडतो."

घाटनांदूरच्या स्टँडमागं सोमलिंगचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, दुकानामागं घर. मोटारसायकल त्यानंच लग्नात दिली होती. वेग वाढला की तिचं हँडल थरथरायचं, आणि वीरेश ते सासऱ्याला दर भेटीत ऐकवायचा.

आज तो शिवांजलीला न्यायला उमापूरहून आला होता. दिवाळीआधी ती डावं मनगट मोडून माहेरी आली होती. पायऱ्यांवरून पडली, असं वीरेश सांगायचा. शिवांजली मात्र परत जायचं नाव काढत नव्हती.

"पोरीला पाठवता, का चार माणसं गोळा करू?" त्यानं आल्या आल्या विचारलं होतं.

"पाठवतो," सोमलिंग म्हणाला होता आणि लेकीची पिशवी त्यानं स्वतः कॅरिअरला बांधली होती.

"टाकी पण भरा. तुमच्याच लेकीला न्यायचंय."

सोमलिंगनं कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. मग डॅम्परची पट्टी आवळली, क्लचच्या तारेला तेल सोडलं.

"क्लचला कावून हात लावता?"

"हलका करतो. लांबचा रस्ता हाय."

वीरेश जवळ येऊन उकिडवा बसला. "मामा, तुमच्या मनात माझ्याबद्दल काय हाय, ते मला ठाऊक हाय. उताराला हँडल अडकलं आन् मी खड्ड्यात गेलो, तर लोक म्हणतील, गाडीच तशी होती."

"असं वंगाळ बोलू नये."

"मंग चालवून दाखवा."

"गुडघा धरलाय. किक बसत न्हाई."

"असं व्हय." वीरेश उठला. "मंग लेकीला बसवा. कॉलेजात होती तवा तुमची गाडी फिरवायची म्हणं. जाऊ द्या फाट्यापर्यंत."

सोमलिंगच्या हातातला पाना थांबला. "तिला नको."

"कावून? काय ढिलं ठिवलंय?"

"तिचं मनगट आत्ता कुठं जुळलंय."

वीरेशनं घराकडं तोंड केलं. "शिवांजली, भाईर ये. बापानं काय करून ठिवलंय ते तुझ्यावरच बघू."

शिवांजली आली. तिची आई दानम्मा दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. शिवांजलीनं पदर कमरेला खोचला, किक मारली. सोमलिंग हँडल सोडेना. वीरेशनं त्याचा हात झटकून काढला.

गाडी स्टँड ओलांडून गेली. पुढं मोकळा रस्ता लागला तसा आवाज चढला. हँडल जराही हललं नाही. वीरेशच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

"बरं बसलंय की," तो म्हणाला.

फाटा आला. गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला लागली आणि बारीक होत गेली. वीरेश रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. धूळसुद्धा दिसेनाशी झाली.

"ती वळंना कावून?"

सोमलिंग पाने डब्यात भरत होता. "प्लास्टर निघाल्यापासून पुन्हा शिकवतोय तिला," तो म्हणाला. "वळून यायचं तेवढं शिकवलं न्हाई."