बोलेन ते खरं

सोमवारपासून तिच्या तोंडून निघेल ते खरं होऊ लागलं. "दूध उतू जाणार" म्हणाली की जायचं, "मिक्सर बंद पडणार" म्हणाली की पडायचा.

बुधवारी नवऱ्याने पुन्हा हात उचलला, तेव्हा "मरा एकदाचे" अगदी ओठांवर आलं होतं. पण कुणाचा जीव घ्यायची तिची छाती होईना. त्यापेक्षा आपणच कायमचं निघायचं, असं तिने ठरवलं.

तो कामावर गेल्यावर तोंडात मिठाची गुळणी धरून तिने बॅग भरली. दाराशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. बॅग बघून त्या हळूच म्हणाल्या, "जा. मागे वळून बघू नकोस."

चपला घालता घालता पंधरा वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडातून निघून गेलं,



"येते हं, आई."