झोपेचा कान

लहानग्या मुंगीनं पहिली किंकाळी फोडली तेव्हा तिची आई बंद दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पुस्तक, कानांवर हेडफोन. हेडफोनमधल्या धड्यातली बाई परक्या भाषेत, अगदी मायेनं विचारत होती, आपल्याबरोबर कोण आहे? आणि उत्तरापुरती थांबली होती.

“मी एकटीच आहे,” तिनं त्या भाषेत मोठ्यानं उत्तर दिलं. आवाज जिन्यात घुमला. आतून मुंगीनं दुसरी किंकाळी फोडली.

पैज दुपारी सासूबाईंशी लागली होती, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. ती भाषा जिथं बोलतात तिथं जाऊन एक सत्र शिकायला विद्यापीठातल्या तिच्या वर्गातून एकालाच पाठवणार होते आणि निवड हिची झाली होती. हो की नाही, ते उद्या सकाळी विभागात सांगायचं. नाही म्हटलं की जागा दुसऱ्याला. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. जिचा कान धरल्याशिवाय पोर डोळा मिटत नाही, तिनं असल्या गप्पा मारू नयेत.

“आज तुझ्याशिवाय झोपली तर खुशाल जा. पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही झोपली, तर ती बॅग माळ्यावर.”

मुंगीचा बाबा मान खाली घालून मोज्यांच्या जोड्या लावत राहिला.

“लागली पैज,” ती म्हणाली होती, आणि हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली होती.

कानाची अडचण खरीच होती. मुंगीला अंगाई नको, गोष्ट नको, बाहुली नको. आईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची, चुरगळायची आणि चुरगळता चुरगळता झोपून जायचं. झोपेचा कान, असं ती त्याला म्हणायची. गेले काही दिवस बाबा आपला कान पुढे करून बघत होता. मुंगी तो चाचपायची आणि किडकं वांगं टोपलीत परत टाकावं तसा सोडून द्यायची.

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू पिशवी घेऊन वर आल्या, तिच्याजवळ थबकल्या. तुमचीच रडतेय ना, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. मग तुम्ही इथं कशा? तिचे बाबा आहेत आत, असं तिनं सांगितलं. काकूंनी दाराकडे कान दिला. आत बाबा गात होता.

“मग बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “मीसुद्धा रडले असते.” आणि पुढच्या मजल्यावर निघून गेल्या.

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी कानाची पाळी आपोआप गरम झाली. तिनं हेडफोन घट्ट दाबून धरला.

दार उघडलं. सासूबाई.

“ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“मग ऊठ. हट्टाला काही सुमार? पोर आहे ती, पैजेतली कवडी नव्हे.”

हे लागलं. लागलं म्हणूनच ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच ती म्हणाली.

“आई, आज ती माझ्यासाठी रडेल. मी परत आले की विसरेल. पण मी गेलेच नाही, तर कधीतरी भांडणात मी तिला ऐकवेन, तुझ्यामुळे राहिलं म्हणून. ते तिला जन्मभर विसरता यायचं नाही.”

सासूबाई आत वळल्या. दार धाडकन लागलं.

मुंगी रडतच होती. मग रडण्याचे तुकडे पडायला लागले. मग हुंदके. मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ तिला रडण्यापेक्षा जड गेलं. हेडफोनमधल्या बाईनं कधी परत येणार, असं विचारलं. ती उत्तर द्यायची विसरली.

दार हळूच किलकिलं झालं. बाबा ओठांवर बोट ठेवून उभा होता आणि हसू दाबताना त्याचा चेहरा लाल झाला होता. ती पाय न वाजवता आत गेली.

पलंगाच्या अगदी काठावर, अंग तिरकं टाकून, मान अधांतरी धरून सासूबाई आडव्या पडल्या होत्या. चष्मा नाकावरच. त्यांच्या कानाची पाळी मुंगीच्या दोन बोटांत होती, आणि मुंगी गाढ झोपली होती.

“रडं ऐकवेना, म्हणून जरा टेकले,” सासूबाई कुजबुजल्या. “हे धरायचं नाही.”

“तुम्ही म्हणालात, तुझ्याशिवाय. मी बाहेर होते.”

“मोठी वकीलच की नाही.” त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, तशी ती बोटं आणखी आवळली. “बरं, आता ये इकडे. तुझा कान दे. माझी मान गेली.”

ती पलंगाजवळ गुडघ्यांवर बसली. मुंगीच्या पापण्या अजून ओल्या होत्या. झोपेतही बोटं पाळी चुरगळत होती. थांबत होती, पुन्हा चुरगळत होती. ती लय तिला पाठ होती. वाकलं की झालं असतं.

तिनं पायाशी पडलेली आपली उशी उचलली आणि अलगद सासूबाईंच्या मानेखाली सरकवली. मग उठून खुर्चीवरची बॅग जमिनीवर उघडली आणि जाड स्वेटर तळाशी ठेवला.

“निगरगट्ट आहे,” सासूबाई छताला म्हणाल्या. मान उशीवर टेकली. मग त्यांनी मुलाला हाक मारली.

“उद्या मुंगीला माझ्या दुसऱ्या बाजूला निजव रे. हा कान पार ठणकतोय.”