सुडाचा उत्तरार्ध

“हान त्याले! फोड त्याचं टाळकं!”

बाकड्यांवरून एकच गिल्ला उठला आणि पडद्यावरच्या पांढऱ्या कपड्यातल्या गड्याने खरोखरच तिघांना आडवं केलं. शिट्ट्यांनी टॉकीजचे पत्रे हादरले.

जगदेव तेवढा गप्प होता. त्याची नजर पुढे, खुर्च्यांच्या रांगेत बसलेल्या बापूरावाच्या फेट्यावर खिळली होती. हा बाबा मजेत भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता, आणि ते बघून जगदेवच्या मस्तकात तिडीक जात होती.

सिनेमा परदेशी, त्यातलं अक्षर रिसोडात कोणाला कळेल तर शपथ. म्हणून टॉकीजच्या मालकाने, सुगनचंद शेठने, पुंजाजीच्या हाती माईक देऊन त्याला मशीनच्या खोलीत उभं केलं होतं. पडद्यावर ओठ हलले की पुंजाजी वऱ्हाडीत बोलायचा. रिळांच्या डब्यांसोबत आलेल्या कागदावर चार ओळी असायच्या, बाकी सगळी त्याच्या जिभेची करामत. पण जीभ काय होती महाराजा! तो बोलायला लागला की बाया पडद्यालाच शिव्या घालायच्या.

“अन् त्या हरामखोरानं बहिणीले मारलं!” माईक गरजला. “भाऊ म्हने, तुयं रगत सांडल्याबिगर घरचं पानी पेनार नाही!”

तेवढ्यात दिवे लागले. पूर्वार्ध संपला होता. उरलेला सूड पुढच्या रविवारी, दुपारी बारा वाजता.

बाहेर पुंजाजीने जगदेवच्या खांद्यावर हात टाकला. “काहून रे, असा गप?”

“थो शेंगा खाऊन राह्यला होता.”

“पाह्यलं मी वरून.” पुंजाजीने आवाज उतरवला. “हे पाय, मी काई डोयानं पाह्यलं नाही. त्या दिवशी मी मेडशीले पोस्टर लावाले गेलतो. पन पान्याच्या पायीवरून रंगूसंग भांडला कोन? थोच ना? आता तूच ठरव. थो पांढरा गडी कोनाले इचारून राह्यला का?”

रंगू म्हणजे जगदेवची धाकटी बहीण. पक्की फटकळ. बापूरावाला विहिरीवर सुनवायची, आणि तिच्याकडून वांगी घेताना पुंजाजी जरा लाडात आला तेव्हा भर बाजारात त्याला म्हणाली होती, “भाऊ, तुमचा माईक घरीच ठिवून येत जा.” सगळा बाजार हसला. पुंजाजीही हसला.

बापूरावाचा मळा आणि जगदेवचा मळा यांच्यात विहीर एकच, पाणी पाळीपाळीने घ्यायचं. गेल्या महिन्यात रंगू एकटीच मळ्यात गेली. निघताना जगदेवने भोपळ्याच्या मूठभर बिया तिच्या पदरात बांधून दिल्या, बांधाच्या कडेने टोब म्हणाला. ती परतली नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीतून वर काढली तेव्हा पदराची गाठ सुटलेली होती. बियांचं त्याने कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. काय सांगायचं त्यात?

पोलिसांनी कागदावर लिहिलं, पाय घसरून. पाय घसरून म्हणे! त्याच विहिरीच्या काठावर चालायला शिकलेली पोरगी! लिहिणाऱ्याचा हात झडला कसा नाही?

आठवडाभर जगदेव विळ्याला धार लावत होता. जिजाबाई चुलीपुढून बघत होती.

“कायले एवढी धार? कापाले आता हाये काय मळ्यात?”

“लागते.”

“जगदेव, एक लेकरू गेलं माह्यं. दुसरं जेलात पाहाले मी जितं राहनार नाही.”

त्याने मान वर केली नाही. विळ्यावर पुन्हा दगड फिरवला.

रविवारी तो बापूरावाच्या बरोब्बर मागच्या बाकड्यावर बसला. मांडीवर टॉवेल, टॉवेलात विळा. सिनेमा संपायच्या आत काम उरकायचं, मग फाशी झाली तरी बेहत्तर.

उत्तरार्ध म्हणजे नुसती कत्तल. एकेक दुश्मन शोधून पांढरा गडी उभा चिरत होता. मग शेवटच्या लढाईआधी त्याला बहिणीचं मरण आठवलं. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुंजाजीचा सूर आज चढला नाही. त्याचा आवाज खाली खाली गेला, कोणाशी तरी एकांतात बोलावं तसा.

“पोरगी म्हने, सोड मले, भावाले सांगतो. लय तोंड होतं तिले. चार लोकांत हसली होती थे. मंग ढकललीच. विहिरीत. पदराची गाठ सुटली... भोपयाच्या बिया होत्या त्यात. पांढऱ्या पांढऱ्या. थे बुडाली तरी बिया पान्यावर तरंगून राह्यल्या होत्या. लय वेळ.”

बाया हुंदके देऊ लागल्या. जगदेव उठून उभा राहिला. बापूरावाची मान हातभर अंतरावर होती.

पडद्यावर बर्फ पडत होतं. पँट घातलेली पोरगी उघड्या मैदानात तलवारीच्या वाराने पडली होती. तिला पदर नव्हता. जवळपास कुठे विहीरही नव्हती.

बापूराव मागे वळला. त्याचे डोळे ओले होते. “बस ना रे बापा, मांगच्यायले दिसून नाही राह्यलं.”

जगदेव बसला नाही. त्याने विळा टॉवेलातून काढला, बाकड्यांमधून वाट काढत मागच्या भिंतीशी गेला आणि मशीनच्या खोलीचा जिना चढू लागला.