'ज्ञ' गिरवल्यानंतर

खिचडीचा पहिला घास बाईंनी खायचा आणि मग मुलांनी, हा शाळेचा नियमच होता. सरोजिनीबाईंनी घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालीय. करा सुरुवात!"

पहिलीतली बावीस मुलं ताटांपुढे मांडी घालून बसली होती, पण एकाचाही हात हलला नाही.

कपाळाला स्मृती जागवणारी पट्टी लावून पाटीवर अक्षर गिरवलं, की इतिहासातल्या किल्लेदार दौलोजींच्या आयुष्यातला एकेक प्रसंग मुलं स्वतः जगत. 'क'ला किल्ला सर झाला, 'घ'ला घोडा उधळला. पंधरवड्यात वर्ग वाचायला लागला. फक्त 'ज्ञ' गिरवून घेऊ नका, अशी वरून सक्त ताकीद होती, कारण तिथे दौलोजींवर जेवणातून विषप्रयोग होत असे. पण मुळाक्षरं अर्धवट सोडणं बाईंना कसं पटावं? काल त्यांनी मोठ्या हौसेनं 'ज्ञ' घेतला होता.

आज कुणाच्याही कपाळावर पट्टी नव्हती.

"कोयना, खा ना गं बाळा. तुमच्यादेखत खाल्ली ना मी?"

सहा वर्षांच्या कोयनानं मान वर केली. कालपर्यंत ती बाईंना अहो-जाहो करायची.

"त्या दिवशीही आधी तूच चाखलं होतंस," ती संथपणे म्हणाली. "विषावरचा उतारा आधीच पिऊन आला होतास."

दोन मुलींनी उठून दाराला कडी घातली. मग बावीस ताटं एकामागून एक बाईंपुढे सरकली.

"आज सगळं तूच संपवायचं."